वण, टाका आणि हात : जीवककथेपासून आजच्या शल्यक्रियेपर्यंत

गेल्या वर्षावासात विहारामध्ये महावग्गाचे वाचन चालू असता एका भगिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्या एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहेत. जीवकाने राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकाची त्वचा शिवली, हा प्रसंग वाचून होताच त्या म्हणाल्या, "सर, त्या टाक्यांचा वण राहिला असेल का?" सभेत थोडे हसू उमटले. आम्हांस मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आपण जीवकाचे नाव अभिमानाने घेतो. परंतु त्याने नेमके काय केले आणि त्या कर्माचे आजच्या शास्त्राशी काय नाते आहे, याचा विचार क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तो विचार आम्ही करू इच्छितो.

वण या शब्दाविषयी

संस्कृतातील 'व्रण' या शब्दाचे पालि रूप 'वण' असे आहे. पालित वण म्हणजे जखम. उघडी, वाहणारी, उपचाराची वाट पाहणारी जखम. मराठीत मात्र जखम भरून आल्यावर जी खूण मागे राहते तिला आपण वण म्हणतो. म्हणजे पालितील जखम मराठीत येईपर्यंत बरी झाली आणि तिची केवळ खूण उरली. जखमेचे वणात रूपांतर कसे होते आणि ते रूपांतर नीट व्हावे म्हणून माणसाने काय काय केले, हाच आपला विषय आहे.

दुसरा शब्द 'सिब्बति'. पालितील या क्रियापदाचा अर्थ शिवणे. महावग्गात हे क्रियापद चीवराच्या कापडासाठी येते आणि माणसाच्या कातडीसाठीही येते. जीवककथेत तर 'सिब्बिनी' असा शब्द कवटीच्या सांध्यासाठीही योजला आहे. हाडांचा सांधा म्हणजे निसर्गाने घातलेली शिवण, ही कल्पना युरोपातील शरीरशास्त्रानेही लॅटिनमधील शिवणवाचक शब्दाने व्यक्त केली आहे.

चीवराच्या प्रकरणातील वैद्य

जीवकाची कथा विनयपिटकातील महावग्गाच्या आठव्या खंधकात येते. औषधांचे प्रकरण, म्हणजे भेसज्जक्खंधक, सहावे आहे. तरीही जीवकाची कथा तेथे नसून चीवरक्खंधकात आहे. याचे कारण उघड आहे. जीवकाने तथागतांना उत्तम वस्त्र अर्पण केले आणि त्या निमित्ताने गृहस्थांनी दिलेली चीवरे स्वीकारण्याची अनुज्ञा भिक्खुसंघास मिळाली. याच खंधकात मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे चीवराचे तुकडे जोडण्याची आनंदाची रचना आहे, फाटलेल्या वस्त्रास ठिगळ लावण्याची व तुणण्याची अनुज्ञा आहे. कापड शिवणारे हात आणि कातडी शिवणारे हात विनयाने एकाच प्रकरणात शेजारी बसविले आहेत.

जीवकाचा जन्म राजगृहातील सालवती या गणिकेच्या पोटी झाला. जन्मताच त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकण्यात आले. अभय राजकुमाराने त्याला पाहिले आणि वाढविले. पुढे जीवकाने तक्कसिलेस जाऊन सात वर्षे वैद्यक शिकले. कुळ नसलेल्या या मुलास विद्येने आणि हाताच्या कौशल्याने बिंबिसाराच्या दरबारात स्थान मिळाले.

त्याच्या दोन शस्त्रक्रिया आपल्या विषयाशी संबंधित आहेत. पहिली राजगृहाच्या श्रेष्ठीची. सात वर्षे त्याला मस्तकाचा विकार होता. जीवकाने त्याला मंचकास बांधले, मस्तकाची त्वचा चिरली, कवटीचा सांधा मोकळा केला, दोन कृमी बाहेर काढले, सांधा पूर्ववत् बसविला, त्वचा शिवली आणि वरून लेप दिला. दुसरी शस्त्रक्रिया वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राची. कोलांट्या मारण्याच्या खेळात त्याच्या आतड्यास पीळ पडला होता. जीवकाने लोकांना दूर केले, पडदा लावला, रुग्णास खांबास बांधले, पोटाची त्वचा चिरून आतड्याची गाठ बाहेर काढली आणि ती त्याच्या पत्नीस दाखविली. नंतर पीळ सोडवून आतडी आत घातली, पोटाची त्वचा शिवली आणि लेप दिला.

ही कथा आहे, शस्त्रक्रियेची नोंदवही नव्हे, हे आपण विसरू नये. तथापि कथा सांगणाऱ्यास शस्त्रकर्माचा क्रम ठाऊक होता, हे निश्चित. चिरणे, दोष काढणे, अवयव जागी बसविणे, शिवणे, लेप देणे, या पाच पायऱ्या दोन्ही ठिकाणी त्याच क्रमाने येतात. शिवण ही अखेरची पायरी नाही. तिच्यानंतर लेप आहे.

लेपानंतरही एक गोष्ट आहे, ती विश्रांती. जीवकाने श्रेष्ठीस शस्त्रक्रियेपूर्वीच विचारले होते की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने निजून राहता येईल काय? श्रेष्ठीने होकार दिला. प्रत्यक्षात प्रत्येक स्थितीत सात दिवसांपलीकडे त्यास राहवेना. एकवीस दिवसांत तो बरा झाला. तेव्हा जीवक म्हणाला की, सात महिने सांगितले नसते तर आपण सात दिवसही निजून राहिला नसता. शिवलेल्या जखमेस हालचालीपासून जपावे लागते, आणि त्यासाठी रुग्णाचा स्वभावही जाणावा लागतो, हे येथे सहज सांगून टाकले आहे.

भेसज्जक्खंधकात जखमेच्या शुश्रूषेची संपूर्ण मालिकाच आढळते. गळू झालेल्या एका भिक्खूसाठी प्रथम शस्त्रकर्माची अनुज्ञा. मग तुरट काढ्याचे पाणी, तिळाचा कल्क, जखमेवरील घडी व पट्टी. खाज सुटल्यास मोहरीचे पीठ. जखम ओली राहिल्यास धुरी. मांस वाढून वर आल्यास ते मिठाच्या खड्याने छेदणे. जखम भरत नसल्यास व्रणतेल. आणि तेल गळू नये म्हणून कापडी पट्टी. याच खंधकात गुह्यभागाजवळ दोन अंगुळे अंतरात शस्त्र चालविण्यास मनाई आहे. तिचे कारणही दिले आहे : तेथील त्वचा नाजूक असते, जखम भरून येणे कठीण असते आणि शस्त्र चालविणे अवघड असते. शरीराच्या प्रत्येक भागाची त्वचा सारखी नसते, ही जाणीव या कारणमीमांसेत आहे. त्वचेच्या शल्यक्रियेचा आजचा पहिला धडाही हाच आहे.

सुश्रुतसंहितेतील चार टाके

महावग्ग शिवण सांगतो, पण ती कशी घालावी हे सांगत नाही. तो तपशील सुश्रुतसंहितेत मिळतो. तिच्या सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात आठ प्रकारची शस्त्रकर्मे वर्णिली असून सीवन हे त्यांपैकी आठवे आहे. टाक्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. नावांवरून वेल्लितक हा वेलीप्रमाणे वेढे घेत जाणारा सलग टाका, ऋजुग्रंथी हा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र सरळ गाठ मारून घातलेला टाका, गोफणिका हा गोफणीच्या आकाराचा आणि तुन्नसेवनी हा तुणण्याचा टाका होय. चीवरक्खंधकातील 'तुन्न' आणि या टाक्यातील 'तुन्न' हा एकच शब्द आहे. शिंप्याची विद्या वैद्याने उचलली, याचा हा शब्दच साक्षीदार आहे. सुश्रुताचा शिष्य टाके घालण्याचा सराव करीत असे तोही घट्ट विणीच्या बारीक कापडाच्या कडांवर आणि मऊ कातड्याच्या कडांवर.

धागा म्हणून बारीक सूत, ताग, क्षौम, स्नायू, केस, अश्मंतकाच्या सालीचा तंतू इत्यादी सांगितले आहेत. सुया तीन प्रकारच्या : कमी मांसाच्या जागी व सांध्यांवर दोन अंगुळांची गोल, मांसल जागी तीन अंगुळांची त्रिकोणी धारेची, आणि मर्मस्थान, वृषण व पोट यांसाठी धनुष्याप्रमाणे वाकडी. आजच्या शस्त्रक्रियागृहातही गोल टोकाची, त्रिधारी आणि वक्र सुई असे भेद आहेत, हे परिचारिका भगिनींना वेगळे सांगावयास नको.

याहून महत्त्वाचे आहेत ते नियम. जखमेत धूळ, केस, नख, हाडाचा तुकडा राहिला असेल तर तो काढल्याशिवाय शिवू नये. क्षार, अग्नी वा विष यांनी दूषित झालेली जखम शिवू नये. टाका फार दूर घालू नये, कारण त्यामुळे जखमेच्या ओठांत वेदना होते. फार जवळ घालू नये, कारण तो कातडी फाडून निघतो. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात छेद कोणत्या दिशेने घ्यावा तेही सांगितले आहे. भुवया, गाल, कपाळ, पापण्या, ओठ, काख, जांघ या ठिकाणी छेद आडवा असावा. तसे न केल्यास शिरा-स्नायू तुटतात, वेदना अधिक होते, जखम उशिरा भरते आणि मांसाची गाठ वर येते.

चांगल्या वणाचे लक्षणही संहितेने दिले आहे : गाठ नाही, सूज नाही, वेदना नाही, रंग त्वचेसारखा आणि पातळी आजूबाजूच्या त्वचेशी सम. १९९० साली व्हँकुव्हर येथील मापनपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात वणाचा रंग, रक्ताळपणा, लवचीकपणा आणि उंची यांना गुण देतात. दोन्हींत बरेच साम्य आहे.

पुण्याजवळील कारागीर

ग्रंथातील ही विद्या पुढे कोणाच्या हातात राहिली? १७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आले. त्यात कावसजी नावाच्या, शेतकरी जातीच्या एका मराठा गाडीवानाची हकीगत आहे. तो इंग्रज सैन्याचे बैल हाकीत असता १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे एक वर्ष तो नाकाशिवाय राहिला. नंतर पुण्याजवळील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. तो माणूस वीट घडविणाऱ्या जातीचा होता, असे त्या पत्रात नमूद आहे. त्याचे नाव मात्र कोणीही लिहून ठेवले नाही. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिली होती.

पद्धत अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याचा आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ आखावयाची. त्या रेघेने कपाळाची त्वचा सोडवावयाची, पण दोन डोळ्यांमधील एक पट्टी जोडलेलीच ठेवावयाची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. जुन्या नाकाच्या जागचा वण खरवडून ताजा करावयाचा आणि त्याच्या मागे एक खाच घ्यावयाची. कपाळाची त्वचा वळवून खाली आणावयाची व तिची कड त्या खाचेत बसवावयाची. येथे टाका नाही. विड्यात घालतात तो कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरावयाचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक चिकटवावयाच्या. चार दिवस तोच आधार. त्यानंतर तुपात भिजविलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे निजावयाचे आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधील पट्टी तोडावयाची.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे. कड खाचेत बसल्यामुळे ताण एका दोऱ्यावर न येता सबंध सांध्यावर वाटला जातो. आणि दोरा नसल्यामुळे दोऱ्याच्या खुणाही राहत नाहीत. लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी हे वृत्त वाचून दीर्घकाळ अभ्यास केला, १८१४ साली ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथून ती युरोपभर पसरली.

आजचे टाके

आता आजच्या शास्त्राकडे वळू. त्वचेच्या वरच्या थराखाली जाड थर असतो. वण घडतो तो या जाड थरात. कडा जुळवून ठेवणे एवढेच टाक्याचे काम. जखम भरते शरीर. टाक्यांत मुख्य चार प्रकार लक्षात घेण्यासारखे आहेत.

सुटा टाका, म्हणजे प्रत्येक गाठ स्वतंत्र. एक तुटला तरी बाकीचे टिकतात. आत पू झाल्यास दोनच टाके काढून वाट करून देता येते. वेडीवाकडी जखम नीट जुळवता येते. मात्र वेळ लागतो. सलग टाका लवकर होतो आणि ताण सारखा वाटतो. पण दोरा एका ठिकाणी तुटला तर सगळी शिवण सैल होते. जेथे कडा आत वळतात तेथे दुहेरी फेऱ्याचा टाका घालतात. तो कडा किंचित वर उचलून धरतो, म्हणून भरताना जागा खोल राहत नाही. परंतु घट्ट बसल्यास त्याच्या खुणा जास्त उमटतात. चौथा, त्वचेच्या आतून जाणारा टाका. यात दोरा जाड थरातच आडवा फिरतो, पृष्ठभागावर सुईच्या खुणा उमटत नाहीत. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा प्रसार केला. दिसण्यास हा उत्तम. पण एकट्याने मोठा ताण त्यास पेलत नाही. म्हणून आधी खोल थरात विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके घालून ताण काढून घेतात. जखम मळलेली असेल तर हा टाका टाळतात.

पायऱ्या-पायऱ्यांच्या शिडीसारखा जो वण आपण अनेकांच्या अंगावर पाहतो, तो टाक्याच्या जातीमुळे होत नाही. टाका अति घट्ट असणे आणि तो फार दिवस राहणे, ही त्याची मुख्य कारणे. दोऱ्याच्या मार्गाने वरच्या थराच्या पेशी आत उतरतात आणि खूण कायमची होते. म्हणून चेहऱ्यावरील टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. धड व हातापायांवरील दहा ते चौदा दिवस ठेवावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात जखमेस मूळ त्वचेच्या सुमारे एक पंचमांश बळ आलेले असते; काही महिन्यांनी ते ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, शंभर टक्के कधीच होत नाही. टाके काढल्यावरही काही आठवडे जखमेस ओढ बसू देऊ नये, ती यासाठी. वण पक्का होण्यास वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. त्यापूर्वी त्याचा निकाल लावू नये.

छेदाच्या दिशेचा नियम १८६१ साली व्हिएन्नाचे कार्ल लँगर यांनी प्रयोगाने मांडला. गोल टोच्याने मृत शरीराच्या त्वचेस भोके पाडली असता ती गोल न राहता विशिष्ट दिशेने लांबट होतात, म्हणजे त्वचेस स्वाभाविक ताण असतो. कपाळावर हा ताण आडवा आहे; तेथे आडवा छेद बारीक वणाने भरतो. जखम चिकटविण्याची कल्पनाही परत आली. त्वचेसाठीच्या एका नव्या वैद्यकीय डिंकास अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करता असे दिसते की दिसण्याच्या बाबतीत डिंक आणि टाका यांत मोठा भेद नाही; पण जखम उकलू न देण्यात टाका सरस आहे.

अभिमान आणि विवेक

हे सर्व वाचून 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सुश्रुताने छेदाची दिशा सांगितली ती शिरा-स्नायू वाचविण्यासाठी. लँगरचा प्रयोग त्याने केला नव्हता. जीवकाने रुग्णास खांबास बांधले, कारण भूल नव्हती. ईथरची भूल १८४६ साली जगासमोर आली. जंतूंचे ज्ञान नव्हते. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ साली मांडली. आपणास अभिमान वाटावा तो पाहून, करून आणि तपासून शिकण्याच्या वृत्तीचा. तथागतांनी धम्मास 'एहिपस्सिक' म्हटले. या आणि स्वतः पाहा. हा निकष वैद्यकासही लागू आहे.

मग ही वृत्ती क्षीण का झाली? मनुस्मृतीने वैद्याचे अन्न पुवासमान ठरविले आणि श्राद्धाच्या पंक्तीतून त्याला वगळले. रक्त, पू, कातडी यांना स्पर्श करणारा हात अशुद्ध ठरला. केनेथ झिस्क यांनी १९९१ सालच्या आपल्या ग्रंथात भारतीय वैद्यकाच्या वाढीत बौद्ध भिक्खूंसह श्रमणपरंपरेचा मोठा वाटा असल्याचे साधार मांडले आहे. ज्यांना विटाळाची भीती नव्हती त्यांनीच जखमेकडे जवळून पाहिले. पुढे ग्रंथ एका बाजूस पाठ होत राहिला आणि हात दुसऱ्या बाजूस, वीट घडविणाऱ्याच्या घरी, काम करीत राहिला. पाठ करणाऱ्यास सुई धरता येईना आणि सुई धरणाऱ्यास अक्षर मिळेना. कावसजीचे नाव इतिहासात राहिले, कार्प्यूंचे राहिले. मधल्या कारागिराचे राहिले नाही. आपल्या समाजाच्या अंगावरील हा एक वणच आहे, आणि तो अस्वच्छ जखम तशीच शिवल्याने उमटला आहे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. होय, श्रेष्ठीच्या मस्तकावर वण राहिलाच असेल. त्वचेच्या जाड थरापर्यंत गेलेली कोणतीही जखम खूण सोडतेच. तो केसांत झाकला गेला असेल इतकेच. वण पूर्ण पुसण्याचे वचन कोणीही देऊ शकत नाही. जखम स्वच्छ करावी, ताण काढून घ्यावा, कडा जुळवाव्या, टाका वेळेवर काढावा आणि त्यानंतरही लक्ष ठेवावे; यानेच तो लहान होतो. टाक्याचे नाव दुय्यम आहे.

आणि आणखी एक गोष्ट. ज्या चीवरक्खंधकात जीवकाची कथा आहे, त्याच खंधकात तथागतांनी अतिसाराने ग्रासलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूस आनंदासह स्वतः धुतल्याची कथा आहे. तेथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत : औषध सिद्ध करण्याची क्षमता, पथ्य-अपथ्याचे ज्ञान, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा, मळाची घृणा नसणे आणि योग्य वेळी धम्मकथेने रुग्णास धीर देणे. टाका घालणाऱ्याचे काम काही मिनिटांत संपते. वण घडत असतो त्या सर्व दिवसांत रुग्णाजवळ असते ती परिचारिका. तिचा प्रश्न सभेत हसण्यावारी जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.